पाटाच्या डोंगराची सावली

स्लॅब भरायच्या दिवशी गवंडी मागं वळून बघत नाय. मिक्सर एकदा फिरायला लागला की थांबवता येत नाय. अर्ध्यात थांबलात तर जोड राहतो, आन् पुढच्या पावसात तिथनंच पाणी गळतं. त्या दिवशी सकाळी नऊ वाजता कशेळ्यात एका बंगल्याचा स्लॅब मी भरत होतो. खिशातला फोन तिसऱ्यांदा वाजला तवा कुठं शिव्या घालत उचलला.

सुचेताबाई होत्या, कर्जतच्या. नाना मास्तरांची सून. कर्जतला त्यांचं औषधाचं दुकान हाय.

"कान्हाभाऊ, नाना तुमच्याबरोबरच आहेत ना? जरा द्या त्यांना फोन."

"नाना? नाना माझ्याकडं कुठं हायत?"

इकडं मिक्सर घर्रघर्र करतोय, बायका घमेल्यावर घमेलं वर देतायत.

"काल तुमच्याकडे राहायला जातोय म्हणून सांगून गेलेत ते," बाई हळू बोलल्या.

नाना आदल्या दिवशी माझ्याकडं आले होते, ते खरं. पण राहायला नाय. लेवलची नळी मागायला आले होते.

नाना म्हंजे कर्जतचे जुने मास्तर, वय बहात्तर. त्यांच्या घराचा वरचा मजला मी बांधला, तवापास्नं आमचं भांडण चालू. ते सांगणार, जमीन गोल हाय. मी बोलणार, असंल बाबा, पण दाखवा. चाळीस वर्षं लेवल लावतोय मी, पाणी वाकलेलं एकदाबी बघितलं नाय. लेवलची नळी म्हंजे काय नाय, प्लास्टिकची आरपार दिसणारी लांब नळी. त्यात पाणी भरायचं, एक टोक ह्या भिंतीला, दुसरं टोक त्या भिंतीला. दोन्हीकडं पाणी एकाच उंचीला उभं राहतं. ते खोटं बोलत नाय.

"तुझ्याच नळीने दाखवतो तुला," नाना बोलायचे. "डोंगरावर जायचं. दोन टोकं पंधरा फुटांवर धरायची आणि पाण्याच्या दोन्ही रेषा एका ओळीत घेऊन लांब समुद्राकडे बघायचं. जमीन सपाट असेल तर आभाळाची कड बरोबर रेषेवर येईल. गोल असेल तर रेषेच्या खाली. कारण तिकडे जमीन वळून उतरते."

"उंचावर चढल्यावर सगळं खालीच दिसतं, नाना. त्यात काय नवल?"

"इथेच चुकतोस! पायाजवळचं खाली दिसतं रे. लांबचं वर वर येत डोळ्याच्या रेषेला टेकतं. तू लांब हॉलमध्ये फरशी बसवतोस ना, ती पलीकडच्या टोकाला वर चढल्यासारखी दिसते की नाही?"

ते मला पटायचं, पण कबूल करायचो नाय. कबूल केलं तर भांडण संपलं.

तर आदल्या दिवशी ते साइटवर आले. बोलले, पाऊस गेलाय, हवा धुतल्यासारखी हाय, उद्या पहाटे चल. मी बोललो, उद्या स्लॅब हाय.

"अरे, पण नळीला दोन माणसं लागतात."

"एक टोक झाडाला बांधा. झाड उलटून बोलत नाय, तुमचं त्याच्याशी जमंल."

सगळी साइट हसली. नाना नाय हसले. जुनी होऊन पिवळी पडलेली माझी पन्नास फुटाची नळी गळ्यात घातली आन् निघून गेले. कुठल्या डोंगरावर, ते मी इचारलंबी नाय.

"कान्हाभाऊ, ऐकताय ना?" बाईंचा आवाज आता कापत होता. "पावणेसातला त्यांचा फोटो आला, डोंगरावरून काढलेला. मला वाटलं तुम्ही दोघं गेलात. मग साडेआठला फोन. नुसता वारा, आणि 'सुचेता, घसरलो' एवढंच. आता लागतच नाहीये."

"बाई, घाबरू नका."

"ते सकाळी उठल्याउठल्या इन्सुलिन टोचून घेतात. त्यानंतर खावं लागतं. खाल्लं नसेल तर साखर उतरत जाईल. बेशुद्ध पडतील, आणि तसेच राहिले तर... दुपारपर्यंत सापडायलाच हवेत ते."

"फोटो पाठवा मला."

फोटो आला. मी बोटाचं सिमेंट लेंग्याला पुसलं आन् बघितलं. खाली आमचा सगळा सपाट मुलूख, भातखाचरं पिवळी, त्याच्यावर निळसर धुकं. आन् त्या धुक्यावर डोंगराची सावली पडलेली. काळीनिळी, लांबच्या लांब, पार माथेरानच्या पायथ्यापर्यंत गेलेली. पुढं एकदम टोकदार. भाल्याच्या पात्यासारखी.

मला इचार करावाच लागला नाय.

"शेंडी," मी बोललो. "नाना शेंडीवर हायत."

आमच्या उगवतीला दोन डोंगर उभे हायत. एक शेंडीचा, एक पाटाचा. शेंडी नावासारखीच, वर निमुळती, टोकाला चार माणसं बसतील एवढीच जागा. पाटाचा डोंगर देवापुढं पाट मांडावा तसा सपाट. दोघांच्या सावल्या सकाळी आमच्या गावावर पडतात. लहानपणापास्नं आमी त्याच्यावरच वेळ सांगतो. शेंडीची सावली टोक काढून येते, विहिरीवरनं सरकत जाते. पाटाची सावली सरळ रेघेत मागं सरते, चटई गुंडाळावी तशी. आमच्याकडचं शेंबडं पोरबी सांगंल, कुठली सावली कुणाची.

स्लॅब गजाच्या गळ्यात टाकला. गजा माझा जोडीदार गवंडी. "जोड राहिला तर तुला बघून घेईन," असं बोललो आन् धावत नाक्यावर गेलो.

बाईंनी कळवलं तसा तासाभरात कर्जतहून किरण आला. डोंगरात अडकलेल्या माणसांना काढायचं काम करणारी पोरं हायत, त्यांचा हा म्होरक्या. तीस-बत्तीसचा, बोलायला कमी. बरोबर पाच पोरं, दोर, स्ट्रेचर. मागोमाग सुचेताबाई ॲम्ब्युलन्स घेऊन आल्या. पोलिसांनी मोबाईलचं बघितलं होतं, पण दोन्ही डोंगर एकाच टॉवरखाली येतात. त्याचा काय उपयोग नाय.

किरणनं फोटो बघितला. "टोकदार आहे म्हणजे शेंडीच वाटते. पण काका, दोन तुकड्या करू का? तीन जण पाटावर?"

"कशाला? सहाच्या सहा लागतील तुमी शेंडीवर. शेवटचा टप्पा वाईट हाय. माणूस उतरवायचा म्हंजे खेळ हाय काय?"

"तुमची खात्री आहे ना, कान्हाभाऊ?" बाईंनी इचारलं. त्यांच्या हातात ग्लुकोजचा पुडा होता, तो त्यांनी माझ्या हातात दिला. "मला डोंगरातलं काही कळत नाही. तुम्ही सांगाल तिथे ही मुलं जाणार."

"बाई, ती सावली बघत मी म्हातारा झालो. शेंडीच हाय."

सव्वादहाला आमी पायथ्यापास्नं चढायला लागलो.

ऑक्टोबरचं ऊन. गवत कंबरेएवढं, त्यात वारा नाय. किरण पुढं, मी त्याच्या मागं. अर्ध्या वाटेत तो थांबला, तोंडावरनं हात फिरवला.

"काका, कोळ्याची जाळी."

"असतात या दिवसांत."

"वाटेवर आडवी आहेत. सकाळी कुणी इथून गेलं असतं तर तुटली असती ना?"

मलाबी ती जाळी लागत होती. कपाळाला, पापण्यांना. मी पुसत होतो आन् पुढं चालत होतो. खरं सांगू, तवाच माझं मन एकदा खाली गेलं. पण मी बोललो, "नाना वाकड्या वाटेनं गेले असतील. सरळ जाणारा माणूस नाय तो."

किरणनं माझ्याकडं बघितलं. चढायला लागला.

तिथनं वर दर पाच मिन्टाला पोरं हाका मारत होती. "नानाऽऽ!" कडा फिरून आवाज परत यायचा. मी घड्याळ बघायचो. सव्वाअकरा. पावणेबारा. मला सारखं दिसत होतं, नाना कुठंतरी उन्हात पडलेत आन् अंगातनं साखर उतरतीय, टाकीचा नळ उघडा राहिल्यासारखी.

साडेबाराला माथ्यावर पोचलो.

कुणी नाय. गवत उभं. एकबी काडी मोडलेली नाय. पोरांनी चारी बाजूंनी पोटावर झोपून खाली बघितलं. नळी नाय, चप्पल नाय, काय नाय.

किरण दोराची गुंडाळी टाकून बसला. "इथे कुणी आलेलंच नाहीये, काका."

फोन काढला तर रेंज नाय. परत तो फोटो उघडला. टोकदार सावली. मी बोललो, "मंग ही काय हाय? ही काय खोटी हाय?"

"मला काय विचारता? तुम्हीच सांगितलं शेंडी."

मी कड्याच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. तोंड लपवायला दुसरी जागा नव्हती म्हणून उभा राहिलो, खोटं कशाला बोलू. समोर मुलूख पसरलेला. पायथ्याशी विजेच्या मोठ्या तारांचे मनोरे, खांबाखालनं झाडं तोडून केलेला रुंद पट्टा. तो पट्टा पायथ्याला शेताएवढा रुंद होता. पुढं पुढं बारीक होत गेला. पार लांब, जिथं तो धुक्यात शिरला, तिथं सुतळीएवढा. आन् शेवटी टोक.

मी तो पट्टा बघत राहिलो.

तो पट्टा काय खरा टोकदार नाय. मी त्याच्याखालनं गाडीनं गेलोय. हिथं जेवढा रुंद, तेवढाच नेरळच्या अंगालाबी रुंद. नेरळला एका कंपनीची लांबच लांब भिंत बांधली होती आमी. एका टोकाला उभं राहून बघितली की पलीकडचं टोक पेन्सिलीसारखं निमुळतं दिसायचं. मीच हसून बोललो होतो पोरांना, बघा रे, भिंत झिजली. जे लांब जातं ते बारीक होतं. मंग दहा-बारा मैल लांब गेलेली सावली बारीक का नाय होणार? डोंगर वरनं सपाट असला म्हणून काय झालं? माथ्यावर उभं राहून बघणाऱ्याला ती टोकदारच दिसणार. शेंडीवरनं टोकदार, पाटावरनंबी टोकदार.

मी सावली आयुष्यभर खालनं बघितली होती, गावातनं. सकाळच्या वेळी डोंगराच्या माथ्यावर एकदाबी गेलो नव्हतो. गवंडी माणूस कशाला जातोय?

फोटो दोन बोटांनी मोठा केला. सावली सोडून खालची कड बघितली, जिथं फोटो काढणाऱ्याचे पाय असतात. काळा कातळ, सपाट, अंगणासारखा. आन् त्याच्यावर माझी पिवळी नळी लांब सरळ ताणलेली. वीस-पंचवीस पावलं सहज. आमी उभे होतो तिथं चटई टाकायची तरी पंचाईत होती. तो कातळ सकाळपास्नं माझ्या हातात होता. मी बघितलाच नाय.

"किरण," मी बोललो, "ते पाटावर हायत."

तो उठला नाय. "मघाशीही तुमची खात्री होती."

"व्हय. मी चुकलो. हे बघ." फोटो त्याच्यापुढं धरला, ती भिंत सांगितली, तारांचा पट्टा दाखवला. मी एवढ्या घाईत बोलत होतो की थुंकी उडत होती. त्यानं पट्टा बघितला, कातळ बघितला, परत पट्टा बघितला. पोरं आमच्या तोंडाकडं बघत उभी.

"खाली उतरून पाटाला गेलो तर चार तास," किरण बोलला. "मधल्या खिंडीतून?"

"दीड तास. वाट वाईट हाय."

"काका, ह्या वेळी चुकलात तर परत कुठे जायला वेळ नाही. कळतंय ना?"

"कळतंय रं बाबा."

त्यानं तीन पोरं माघारी पाठवली, बाईंना सांगून ॲम्ब्युलन्स पाटाच्या पायथ्याला फिरवायला. राहिलेली दोघं, तो आन् मी खिंडीकडं निघालो. वाट कसली, घसरण. दोन ठिकाणी बसून उतरलो. माझा लेंगा फाटला, गुडघा फुटला. बाईंचा ग्लुकोजचा पुडा मी बनियनच्या आत घातला होता, तो छातीला टोचत होता. त्या पोरांशी बोलायची मला लाज वाटत होती आन् गप्प राहायची भीती.

खिंडीत एक बाई गवत कापत होती. ठकी नाव, पलीकडच्या वाडीतली. आमाला बघून कोयता घेऊनच उभी राहिली.

"बाय, एक म्हातारा बघितला काय? चष्मा, पांढरी टोपी?" मी दम खात इचारलं.

"गळ्यात पिवळी नळी?" ती बोलली. "काल सांजचा आमचे वाडीत निजला. मी बोलली, ह्यो काय साप घेऊन चाललाय गळ्यात. फाटेचा चहा न घेताच वर गेला."

"काय खाल्लं नाय त्यानं?"

"भाकर देत होती मी. बोलला, येऊन खातो, सूर्य थांबत नाय. अजून आला नाय."

किरण पळतच सुटला. ठकी बोलली, "तिकडून नको, गवतात फसाल, माझे मागं या," आन् कोयता कमरेला खोवून आमच्या पुढं झाली. त्या बाईचा पाय असा पडत होता जशी ती घरातल्या घरात फिरतीय. आमी मागं धापा टाकत.

सव्वादोनला पाटावर.

माथा एवढा मोठा की क्रिकेट खेळावं. पोरं चारी दिशेला पांगली. हाका, हाका. आता वर वारा सुटला होता, तोंडातला शब्द तोंडातच राहत होता. मी सरळ मावळतीच्या कडेकडं गेलो, कातळ शोधत. जिथनं माथेरान आन् इर्शाळच्या मधल्या फटीतनं समुद्राची बाजू दिसते तिकडं.

करवंदीच्या जाळीला माझी नळी बांधलेली दिसली.

एक टोक जाळीला, डोळ्याच्या उंचीला, नीट सुतळीनं. जुन्या मास्तराची गाठ. तिथनं नळी कातळावरनं उगवतीला सरळ गेली होती, जिथं कडा खाच पडून आत शिरलाय तिकडं. आन् कड्यावरनं खाली.

तवा मला सगळं कळलं. दुसरं टोक हातात धरून नाना नळी ताणत मागं मागं गेले. डोळा पाण्याच्या रेषेवर. नळी धरणाऱ्यानं कधी मागं चालत जायचं नाय, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. टोक तोंडाकडं धरून पुढं चालायचं, मंग वळायचं. परांचीवरनं पडून माणसं मेलीत. मी नानांना हे सांगितलं नव्हतं. झाडाचा इनोद सांगितला.

मी पालथा झोपून कड्याखाली डोकं काढलं. कडा पोटात गेलेला. खाली नुसते झाडांचे शेंडे. नळी कड्याच्या आत वळून गेलेली, पुढं दिसत नव्हती. "नाना! ओ नाना!" वारा आवाज पळवत होता.

नळी हातात घेतली. हलकी लागली. आत पाणी नाय. पाणी नाय म्हंजे कुणीतरी काढलं, नायतर सांडलं. मी धावत जाळीकडं आलो, सुतळी तोडली. नळीत बुडबुडा अडकला की आमी तोंडानं फुंकून काढतो. रिकामी नळी असली की एका टोकाला बोललेलं दुसऱ्या टोकाला ऐकू जातं. भिंतीपल्याडच्या मजुराला आमी तशाच शिव्या घालतो. मी टोक तोंडाला लावलं.

"नाना, मी कान्हा. असाल तर फुंका."

आन् टोक कानाला लावलं. एका हातानं दुसरा कान दाबला.

काय नाय. किरण माझ्या शेजारी येऊन बसला. त्यानं श्वास रोखून धरला होता.

परत तोंड लावलं. "नाना, चुकलो मी. फुंका ना."

कान लावला. पहिल्यांदा नुसतं घरघर, रिकाम्या माठात वारा गेल्यासारखं. मंग ते थांबलं. मंग परत आलं, आखूड आखूड. वारा असा श्वास घेत नाय.

"हायत," मी बोललो. माझं मला ऐकू आलं नाय.

मंग शब्द आले. लांबनं, झोपेतल्यासारखे. "चार बोटं... रे... चार बोटं..."

"बोटं मोडली वाटतं," मी किरणला सांगितलं. तो तवर दोर कातळाच्या कण्याला बांधत होता, एक पोरगं कमरपट्टा आवळत होतं. मी नळी सोडली नाय. "नाना, झोपू नका. किरण येतोय. बोलत राहा. शिव्या घाला मला."

"चार... बोटं... खाली," नाना बोलले. आन् मंग काय नाय. नुसतं घरघर. तेबी लांब लांब.

किरण ग्लुकोजचा पुडा दातात धरून उतरला. मी कानाला नळी लावून बसलो. ठकी माझ्या बाजूला उकिडवी. तिनं इचारलं, "श्वास हाय ना?" मी मान हलवली. थोड्या वेळानं परत इचारलं. मी परत हलवली. तिसऱ्यांदा इचारलं तवा मला काय ऐकू येत नव्हतं, आन् मी तरीबी मान हलवली.

मंग नळीतनं किरणचा आवाज आला, एकदम कानात फुटल्यासारखा. "सापडले! तीस फुटांवर, उंबराच्या बुंध्यात अडकलेत. पाय मोडलाय. शुद्ध जेमतेम आहे. तोंडात ग्लुकोज चोळतोय."

"गिळतायत काय?"

"थांबा."

त्या थांबण्यात माझा सगळा जन्म गेला. खाली गावात भोंगा वाजत होता कसला तरी.

"गिळलं," किरण बोलला.

ठकीनं कपाळाला हात लावला आन् ती सरळ खाली आडवी झाली, गवतात.

वर काढायला तास लागला. स्ट्रेचरवर नाना एवढेसे दिसत होते. ओठ पांढरे, डोळे अर्धे. उजवा पाय घोट्यातनं भलतीकडं वळलेला, दोन काठ्यांमधी बांधलेला. ग्लुकोज पोटात गेल्यावर चेहऱ्यावर जरा माणूसपण आलं. त्यांनी मला ओळखलं.

"तुझ्या नळीचं पाणी प्यालो," ते बोलले. "सिमेंटची चव लागते रे, घाणेरड्या."

"बोटं कुठली मोडली?"

"कसली बोटं?"

"चार बोटं बोललात."

डोळे मिटूनच ते हसले. हसताना पाय हलला आन् कळवळले. "आभाळाची कड. तुझ्या रेषेच्या चार बोटं खाली होती. बघितली मी. परत एकदा मोजावं म्हणून मागे सरकलो."

चाळीस वर्षांच्या माझ्या लेवलीला त्या माणसानं चार बोटं खाली आणलं होतं, आन् त्यासाठी कड्यावरनं पडला होता. मला त्याच्या थोबाडीत मारावी वाटत होती आन् पाय धरावे वाटत होते.

"नाना, तुमाला शोधायला मी आधी शेंडीवर गेलो," मी बोललो. "फोटोत सावली टोकदार होती म्हणून. सगळ्यांना घेऊन गेलो."

त्यांनी डोळे उघडले. "मलाही क्षणभर वाटलं, चुकून शेंडीवर आलो की काय," ते बोलले. मंग त्यांना बोलवेना.

किरण पायाची बोटं चाचपून बघत होता. त्याचं तोंड पडलं. "पाऊल थंड आहे," तो मला बाजूला घेऊन बोलला. "रक्त नीट जात नाहीये खाली. लवकर टेबलावर जायला हवेत. आधी सापडले असते तर..." तो थांबला. तो चांगला पोरगा हाय, म्हणून थांबला.

मावळतीच्या कडेला फोनला दोन दांड्या आल्या होत्या. मी काय करायच्या आत तो वाजला.

"कान्हाभाऊ?" सुचेताबाई. श्वास चढलेला. पायथ्याला पोचल्या होत्या.

"सापडले, बाई. जिवंत हायत. साखर दिली, बोलतायत. पाय मोडलाय."

पलीकडनं रडण्याचा एक आवाज आला आन् लगेच बंद झाला. ती बाई दुकानात रोज आजारी माणसं बघते, तिचं रडणं फार वेळ टिकत नाय.

"पाय किती मोडलाय? पाऊल गरम आहे का?"

"थंड हाय."

"किती वाजता पडले?"

"साडेआठच्या आधी."

"म्हणजे सात तास होत आले." ती आकडा मांडत होती, मला ऐकू येत होतं. "आणि मुलं इकडे यायला एवढा वेळ का लागला? मला नुसतं सांगितलं, पाटाकडे चला. शेंडीवरून इकडे का?"

किरण माझ्याकडं बघत होता. त्यानं हात पुढं केला, फोन माझ्याकडं द्या म्हणून. तो काहीतरी सांगणार होता. वाट चुकलो, फोटो नीट नव्हता, असं काहीतरी. मला बरंबी वाटलं असतं.

मी फोन दिला नाय.

"बाई, माझ्यामुळं," मी बोललो. "किरण बोलला होता दोन तुकड्या करू. मी नको बोललो. जाळी लागली वाटेत, तरी मी मागं फिरलो नाय. नाना मला काल बरोबर बोलवत होते, मी आलो नाय, हसलो त्यांना. दोन तास माझ्यामुळं गेले."

वारा येत होता फोनमधी. तिकडचा का इकडचा, कळत नव्हतं. मी वाट बघत राहिलो. शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं.

"खाली आणा त्यांना," शेवटी त्या बोलल्या. "आधी खाली आणा."

त्यांनी फोन ठेवला नाय. मीबी ठेवला नाय, तसाच शर्टाच्या वरच्या खिशात घातला. किरणनं एक-दोन-तीन बोललं आन् आमी स्ट्रेचर उचललं. दोन पोरं मागं, किरण पुढं डावीकडं, मी पुढं उजवीकडं, म्हंजे कड्याच्या अंगाला. ठकी पुढं कोयत्यानं गवत आडवं करत चालली. "डावा पाय," ती ओरडायची. "आता दगड. आता बस." मी तेच मागं सांगायचो, मोठ्यानं, खिशातबी जाईल असं. डावा पाय. दगड हाय. सावकाश. नाना, झोपू नका. पाऊल अजून थंड हाय, बाई, आमी उतरतोय.